फ्लास्कमधून रिॲक्टरकडे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



‘मी केमिस्ट आहे’ असं मराठी घरात सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे औषधाचं दुकान उभं राहतं. मला पहिली नोकरी लागली तेव्हा मामानं पाठ थोपटली आणि लगेच विचारलं, “मग आता माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या स्वस्तात मिळतील ना?” मी त्याला सांगू लागलो की मी गोळ्या विकत नाही, गोळ्या तयारही करत नाही, गोळीच्या आत जी काही मिलिग्रॅम पांढरी पूड असते, खरं औषध, ती कशी बनवायची हे ठरवणाऱ्या खात्यात मी लागलो आहे. मामा म्हणाला, “म्हणजे कंपाउंडर?” तो विषय तिथंच थांबला.

आज बोलायचं आहे ते या पांढऱ्या पुडीबद्दल आणि ती बनवण्याच्या नोकरीत पहिलं पाऊल टाकणाऱ्या मुलामुलींबद्दल. दरवर्षी निकाल लागले की ऑरगॅनिक घेऊन एम.एस्सी. झालेली मुलं विचारायला येतात. “सर, प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये मिळतंय. घेऊ का?” आवाजात थोडी निराशा असते. नवं औषध शोधणं हे खरं विज्ञान, आणि दुसऱ्यानं शोधलेलं औषध कारखान्यात बनवणं हे दुय्यम काम, अशी कॉलेजात कुणीतरी समजूत करून दिलेली असते. ती समजूत मलाही होती. ती कशी गेली, ते पुढे सांगेनच.

आधी हे काम काय आहे ते पाहू. नवा रेणू शोधणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाला सुरुवातीला काही ग्रॅमच पुरतात. ते मिळवण्यासाठी तो काहीही करू शकतो. महागडी रसायनं वापरेल, उणे ७८ अंशांवर प्रक्रिया करेल, काचेच्या उभ्या नळीत सिलिका भरून दिवसभर थेंब थेंब शुद्धीकरण करेल. पण तोच रेणू औषध म्हणून चालला आणि वर्षाला काही टन लागू लागला की यातलं जवळजवळ काहीच उपयोगी पडत नाही. मग प्रोसेस केमिस्टला बोलावतात. त्यानं तोच रेणू, तितकाच शुद्ध, स्वस्त आणि सुरक्षित रीतीनं, दर वेळी हुबेहूब तसाच बनवायचा मार्ग शोधायचा असतो.

एक साधं गणित बघा. एखादं औषध सहा पायऱ्यांत बनतं आणि प्रत्येक पायरीला शंभरापैकी ऐंशी भाग माल हाती लागतो. ऐंशी टक्के म्हणजे कॉलेजात आपण खूश होतो. पण सहा पायऱ्यांनंतर हातात उरतात जेमतेम २६ टक्के. तेच प्रत्येक पायरी नव्वदवर नेली, तर शेवटी ५३ टक्के. म्हणजे माल दुप्पट झाला आणि कचरा कितीतरी कमी. आणि सहाच्या तीन पायऱ्या करता आल्या तर?

हे घडलेलं आहे. अंगदुखीला आपण घेतो ते आयबुप्रोफेन. इंग्लंडमधल्या बूट्स कंपनीनं ते शोधलं, तेव्हाची त्यांची पद्धत सहा पायऱ्यांची होती. कच्च्या मालातल्या अणूंपैकी, वजनानं पाहिलं तर, चाळीस टक्केच औषधात उतरायचे; बाकीचे साठ टक्के वाया. पुढे नवी तीन पायऱ्यांची पद्धत निघाली आणि अमेरिकेत टेक्सासमधल्या बिशप इथं १९९२ मध्ये त्या पद्धतीचा कारखाना सुरू झाला. तिथं सत्त्याहत्तर टक्के अणू औषधात जाऊ लागले. रेणू तोच, गोळी तीच, डोकं दुखायचं थांबतं तेही तसंच. बदलला फक्त रस्ता. ज्यांना हे काम दुय्यम वाटतं त्यांना मी हे उदाहरण सांगतो.

आपल्या देशात तर या कामाला आणखी एक इतिहास आहे. १९७० चा पेटंट कायदा १९७२ मध्ये अमलात आला. त्यानुसार औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हतं, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर मिळत होतं. १ जानेवारी २००५ पासून हे बदललं. मधल्या तीन दशकांत वेगळी पद्धत शोधेल त्याला औषध बनवता येत होतं, आणि म्हणून भारतात प्रोसेस केमिस्टांच्या दोन पिढ्या तयार झाल्या. मुंबईतली जुनी यूडीसीटी, म्हणजे आजची आयसीटी, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, हैदराबादची आयआयसीटी, आणि तारापूर, अंबरनाथ, पाताळगंगा, महाड, लोटे-परशुराम, कुरकुंभ इथले कारखाने, असा तो सगळा पसारा. २००१ मध्ये सिप्लानं एड्सवरची तीन औषधं मिळून एका रुग्णाला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दाखवली. त्या वेळी श्रीमंत देशांत याच उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर खर्च येत होता. त्या बातमीत कायदा होता, धाडस होतं, व्यापारही होता; पण ती औषधं स्वस्तात बनवता येत होती म्हणूनच ती बातमी होऊ शकली.

आता कॉलेजात न शिकवल्या जाणाऱ्या गोष्टीकडे येतो.

घरी चार माणसांचा भात करताना गॅस बंद केला की थोड्या वेळात भात निवतो. लग्नात चारशे माणसांचा भात केलेलं पातेलं चुलीवरून उतरवलं, तरी आत तो शिजतच राहतो. आचाऱ्याला हे ठाऊक असतं, म्हणून तो भात थोडा आधीच उतरवतो. रसायनाचंही असंच आहे. एक लिटरचा फ्लास्क आणि हजार लिटरचा रिॲक्टर यांचा आकार सारखा धरला, तर आतला माल हजारपट होतो, पण ज्या भिंतीतून उष्णता बाहेर जायची ती फक्त शंभरपट होते. म्हणजे दर लिटरमागे थंड करायला भिंत मिळते ती एक दशांश. फ्लास्क बर्फाच्या बादलीत धरून दहा मिनिटांत जे रसायन आपण ओतलं, ते ओतायला रिॲक्टरमध्ये चार-पाच तास लागू शकतात. आणि त्या चार-पाच तासांत आधी तयार झालेला माल नुसता वाट पाहत बसत नाही, तो बिघडायलाही लागतो. शिवाय तापमान दहा अंशांनी वाढलं की बहुतेक प्रक्रियांचा वेग दुपटीच्या आसपास जातो. थंड करण्याची ताकद मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. एक हद्द ओलांडली की मग आपण फक्त बघत राहायचं.

हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं. कळलं ते वेगळ्याच रीतीनं.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. माझ्या एका पायरीत थायोनिल क्लोराइड नावाचं द्रव वापरलं जायचं. प्रक्रिया झाल्यावर त्यातलं थोडं उरतं. ते उकळून काढायला आठ-दहा तास जातात, म्हणून मी ठरवलं की पाणी घालूनच ते संपवायचं. पाण्याशी त्याची गाठ पडली की त्याचे दोन वायू होतात, सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन क्लोराइड, दोन्ही घशाला जाळणारे. प्रयोगशाळेत उरलेलं द्रव होतं पंधरा ग्रॅम. पाणी घातलं, थोडं फसफसलं, वरच्या पंख्यानं वायू ओढून नेला. मी वहीत लिहिलं, ‘अर्ध्या तासात पाणी घालावे.’ वेळ वाचला म्हणून साहेबांनी कौतुकही केलं.

कारखान्यात उरलेलं द्रव होतं तीस किलो. वरच्या टाकीतून पाणी नुसत्या उतारानं खाली येत होतं. मध्येच वीज लुकलुकली आणि रिॲक्टरमधला स्टरर, म्हणजे ढवळणारा पंखा, बंद पडला. आजूबाजूच्या आवाजात ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पाणी यायला वीज लागत नव्हती, ते येतच राहिलं. आत टोल्युइन होतं. पाणी त्यात मिसळत नाही आणि त्याच्याहून जड, त्यामुळे ते तळाशी जाऊन शांत बसलं. बॅचवर एक जुने ऑपरेटर होते, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. त्यांनी इंटरकॉमवर मला फोन केला. “साहेब, पाणी जातंय पण टेंपरेचर चढत नाही. मागच्या बॅचला चढलं होतं. मला काय हे पटत नाही.”

मी तेवीस-चोवीस वर्षांचा. म्हणालो, “चढत नाही म्हणजे चांगलंच आहे की काका. कार्डात लिहिलंय तसं चालू द्या.”

दहा मिनिटांनी कुणाला तरी स्टरर बंद दिसला आणि त्यानं बटण दाबून तो सुरू केला. तळाचं सगळं पाणी एका क्षणात वरच्या द्रवात घुसळलं गेलं. मी खिडकीतून पाहिलं तेव्हा शेडच्या पत्र्यांखालून पांढरा धूर बाहेर येत होता. लोक पळत होते. काका आधी पायऱ्या चढून पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायला गेले आणि मग उतरले. तीन दिवस ते दवाखान्यात होते. खोकला पुढे कितीतरी महिने राहिला.

चौकशीत मला एकच प्रश्न विचारला गेला. “किती वायू निघणार, हे काढलं होतंस का?” मी काढलं नव्हतं. त्या रात्री खोलीवर बसून काढलं. एक रेणू थायोनिल क्लोराइडमागे वायूचे तीन रेणू. पंधरा ग्रॅमचे नऊ लिटर. ते पंख्यानं कधी नेले हे मला कळलंही नव्हतं. तीस किलोचे अठरा हजार लिटर. काही भाग पाण्यात विरघळतो असं धरलं, तरी आमच्या रिॲक्टरचं तोंड आणि धूर धुणारा स्क्रबर यांच्या आवाक्याबाहेरचं ते होतं. बारावीतलं गणित आहे हो हे. दोन मिनिटं लागतात.

नंतर पद्धत बदलली. पाणी मालात घालण्याऐवजी माल हळूहळू, भरपूर थंड अल्कलीच्या पाण्यात सोडायचा. कार्डात तीन ओळी वाढल्या: स्टरर चालू असल्याची दर दहा मिनिटांनी नोंद करावी, बंद पडल्यास पाणी किंवा माल सोडणे ताबडतोब थांबवावे, बंद पडलेला स्टरर परवानगीशिवाय पुन्हा सुरू करू नये. काका कामावर परत आले तेव्हा मी भेटायला गेलो. ते काही रागावले नाहीत, ते मला जास्त लागलं. म्हणाले, “तुमच्या बाटलीत काय होतं ते तुम्हाला माहीत. इथं काय होतं ते आम्हाला. विचारलं तर सांगतो ना आम्ही.” त्यानंतर कुठलीही नवी पद्धत कारखान्यात न्यायच्या आधी मी ऑपरेटरांबरोबर बसून कार्ड वाचून दाखवायला लागलो. प्रत्येक ओळीला त्यांचा एक प्रश्न असायचा, ‘आणि हे थांबलं तर?’

आता या कामासाठी चांगली उपकरणं आहेत. प्रक्रिया किती उष्णता सोडते, किती वेगानं सोडते, वायू किती निघतो, हे मोजणारे कॅलरीमीटर मोठ्या कंपन्यांत असतात. लहान ठिकाणी नसतात. पण साधा हिशेब करायला उपकरण लागत नाही.

दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे अशुद्धी. माझा मामा इथं पुन्हा येतो. २०१८ च्या जुलैत बातमी आली की रक्तदाबावरच्या व्हाल्सार्टन या औषधात कर्करोगाला कारण ठरू शकणारा एनडीएमए नावाचा पदार्थ सापडला आहे आणि अनेक देशांत गोळ्या परत मागवल्या जात आहेत. मामानं फोन केला, “तुमच्या त्या पुडीत काय घालता रे तुम्ही?” मामाची गोळी वेगळी होती. पण प्रश्न रास्त होता.

झालं होतं असं. चीनमधल्या एका उत्पादकानं काही वर्षांपूर्वी पद्धत सुधारली होती. एका पायरीत डीएमएफ हे द्रावक वापरलं आणि शेवटी उरलेलं ॲझाइड नष्ट करायला सोडियम नायट्राइट घातलं. दोन्ही गोष्टी प्रत्येक केमिस्टच्या ओळखीच्या. पण डीएमएफमध्ये किंचित डायमिथाइल अमीन असतं, तापवल्यावर आणखी तयार होतं. ते आणि नायट्राइट आम्लात भेटले की एनडीएमए बनतं. माल नेहमीच्या चाचण्यांत उत्तम ठरत होता, कारण त्या चाचण्या हा पदार्थ शोधतच नव्हत्या. जो शोधायचा नाही तो दिसणार कसा? अशा पदार्थाची मर्यादा दिवसाला ९६ नॅनोग्रॅम धरतात, आणि नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांश. पद्धत बदलताना कुणीतरी कागद घेऊन, ‘यातलं काय कशाला भेटू शकतं’ याची यादी करायला हवी होती. हे काम नव्या केमिस्टलाही करता येतं. किंबहुना त्यालाच नीट करता येतं, कारण त्याचं पाठ्यपुस्तक अजून ताजं असतं.

मग नोकरी घ्यायची का? माझं उत्तर ‘घ्या’ असं आहे, पण एक अट घालून घ्या. मुलाखतीत वेतन विचारता, तसंच हेही विचारा की पहिल्या वर्षात मला प्लांटवर किती दिवस ठेवणार. वातानुकूलित प्रयोगशाळेत तीन वर्षं बसवून ठेवणारी कंपनी तुम्हाला अर्धंच शिकवते. गाळण्याचंच घ्या. प्रयोगशाळेत दोन मिनिटांत गाळलं जातं, म्हणून त्याची कुणी नोंद करत नाही. तेच बारीक सुयांसारखे स्फटिक कारखान्यातल्या सेंट्रीफ्यूजमध्ये कापड गच्च करून टाकतात आणि एक बॅच दीड दिवस अडकते. स्फटिकांचा तर वेगळाच विषय आहे. १९९८ मध्ये एड्सवरच्या रिटोनाविर या औषधाचे स्फटिक अचानक नव्या, कमी विरघळणाऱ्या रूपात येऊ लागले आणि कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. रेणूत काही दोष नव्हता. तो घन रूपात रचला कसा जातो, तेवढंच बदललं होतं.

मुलींच्या बाबतीत वेगळं सांगायला हवं. कारखाने कायद्यात स्त्रियांच्या रात्रपाळीवर अनेक वर्षं निर्बंध होते. माझ्याबरोबर लागलेल्या, माझ्याहून हुशार मुलीला त्यामुळे प्लांटचं काम मिळालंच नाही; ती विश्लेषणाच्या खात्यात गेली आणि तिथं चांगली वरही चढली. पण नव्या पद्धतीच्या बॅचा बहुतेक रात्रीच पूर्ण होतात, आणि ती रात्र पाहिलेल्या माणसालाच पुढे पद्धतीची जबाबदारी मिळते. आता ते निर्बंध सैल झाले आहेत. तेव्हा ‘मुलींना लॅबच बरी’ असं कुणी मायेनं म्हणालं, तर त्या मायेला बळी पडू नका. जाण्यायेण्याची गाडी आणि सोबत मात्र कंपनीकडून लेखी मागून घ्या.

पीएच.डी. आधी की नोकरी आधी, हा प्रश्न नेहमी येतो. माझं मत आहे, दोन-तीन वर्षं नोकरी करा, मग जा. कुठला प्रश्न धरून बसायचं हे तोवर कळलेलं असतं. वाचायला ‘ऑरगॅनिक प्रोसेस रिसर्च अँड डेव्हलपमेंट’ हे नियतकालिक आहे, १९९७ पासून निघतं. त्यात कारखान्यातली माणसं आपल्या फसलेल्या बॅचांबद्दलही लिहितात. आणि वही रोजची रोज लिहा. ‘वरीलप्रमाणे’ हा शब्द वहीत नको. ओतायला किती वेळ लागला, तापमान किती चढलं, ढवळताना द्रव घट्ट झालं का, गाळायला किती मिनिटं लागली, हे सगळं हवं. ते वाक्य रात्री तीन वाजता कुणीतरी वाचणार असतं, आणि त्या वेळी तुम्ही तिथं नसता.

पहिल्या दिवशी स्टोअरमधून सेफ्टी शूज, चष्मा आणि मास्क मिळतील. बूट मापाचे नसले तर ‘चालेल’ म्हणू नका, बदलून घ्या. मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो का ते तिथंच घालून बघा. दाढी असेल तर तो बसत नाही. मग प्लांटवर जाऊन इमर्जन्सी शॉवर कुठं आहे, बाहेर पडायचे दोन रस्ते कुठले, आणि वारा कुठल्या दिशेनं वाहतो हे दाखवणारी ती कापडी पिशवी कुठल्या खांबावर आहे, ते पाहून या. मग प्रयोगशाळेत जाऊन साहेबांना भेटा.